दान कोणाचे, हिशेब कोणाला?

मार्च २०२५ मध्ये पुण्यातील एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाच्या दाराशी जे घडले, त्याने साऱ्या महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. तातडीच्या अवस्थेत आलेल्या एका गर्भवती महिलेकडे लाखो रुपयांची अनामत मागण्यात आली, ती भरता न आल्याने तिच्यावर तेथे उपचार झाले नाहीत आणि पुढे दुसऱ्या रुग्णालयात प्रसूतीनंतर तिचा मृत्यू झाला, असा तिच्या कुटुंबीयांचा आरोप होता. रुग्णालयाने आरोप नाकारला. सरकारने चौकशी समित्या नेमल्या. लोक रस्त्यावर आले. त्यानंतर रुग्णालयाच्या चालकांनी जाहीर केले की, तातडीच्या रुग्णाकडून यापुढे अनामत घेतली जाणार नाही. अनेकांना ही घोषणा मनाच्या मोठेपणाची वाटली असेल. वस्तुस्थिती अशी की, धर्मादाय रुग्णालयाने तातडीच्या रुग्णाला तत्काळ दाखल करून घ्यावे, त्याचा जीव वाचविणारे उपचार त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत करावेत आणि त्याच्याकडे अनामत मागू नये, हा नियम मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेत २००६ सालापासून लिहिलेला आहे. एकोणीस वर्षे जे कायदेशीर कर्तव्य होते, ते एका मृत्यूनंतर आणि जनतेच्या उद्रेकानंतर उपकार म्हणून जाहीर व्हावे, यापेक्षा या व्यवस्थेवर अधिक कठोर टीका कोणती असू शकेल?

हा प्रश्न एका शहराचा, एका रुग्णालयाचा किंवा एका विश्वस्त मंडळाच्या स्वभावाचा नाही. आरोग्यसेवेच्या क्षेत्रात ‘धर्मादाय’ या नावाने आज जी अवाढव्य व्यवस्था उभी आहे, तिच्या नीतीचा हा प्रश्न आहे. दात्याचा हेतू शुद्ध होता की अशुद्ध, ही चर्चा आमच्या मते दुय्यम आहे. माणसाच्या मनाचा ठाव घेणे कोणत्याही कायद्याला शक्य नाही, आणि आजाऱ्याला त्याची गरजही नाही. दान दिल्यानंतर त्या संपत्तीवर आणि त्या संस्थेवर सत्ता कोणाची राहते, आणि ती सत्ता वापरणारा कोणाला जाब देतो, हे पाहिले पाहिजे. दानाची नीती तपासण्याची हीच खरी कसोटी होय.

आधी देते ती जनता

धर्मादाय रुग्णालय म्हणजे कोणा धनिकाने स्वतःच्या खिशातून उभारलेले आणि गोरगरिबांना कृपा म्हणून खुले केलेले घर, अशी एक समजूत जनमानसात खोलवर रुजविण्यात आली आहे. ही समजूत अर्धसत्यावर उभी आहे. शहराच्या मोक्याच्या जागी नाममात्र भाड्याने किंवा सवलतीच्या दराने मिळालेली जमीन ही सरकारची, म्हणजे जनतेची असते. वाढीव चटई क्षेत्राची सवलत जनतेच्या शहरातून कापून दिलेली असते. विश्वस्त संस्थेच्या उत्पन्नावरील माफ झालेला आयकर सरकारी तिजोरीत यावयाचा होता. तो आला असता तर त्यातून एखादे ग्रामीण रुग्णालय उभे राहिले असते. देणगी देणाऱ्यालाही आपल्या करपात्र उत्पन्नातून वजावट मिळते. म्हणजे फलकावर नाव एकट्या दात्याचे लागते, पण देणगीचा काही भार जे कधीच फलकावर येत नाहीत त्या सर्वांनी मिळून उचललेला असतो. काड्यापेटीपासून कापडापर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणारा हमाल आणि मोलकरीण हेही या अर्थाने त्या रुग्णालयाचे दाते आहेत. फरक एवढाच की, त्यांना कोणी विश्वस्त करीत नाही.

या देवघेवीचा एक धडा आठवणीत ठेवण्यासारखा आहे. १९८८ मध्ये केंद्र सरकारने एका अधिसूचनेद्वारे रुग्णालयांना परदेशी वैद्यकीय यंत्रसामग्री सीमाशुल्काशिवाय आणण्याची मुभा दिली. अट अशी होती की, बाह्यरुग्ण विभागातील किमान ४० टक्के रुग्णांवर मोफत उपचार व्हावेत आणि दरमहा ५०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवाव्यात. यंत्रे बंदरात उतरली, रुग्णालयांत बसली, त्यांच्यावर भरमसाट दराने तपासण्या सुरू झाल्या. अटीची आठवण मात्र फार थोड्यांना राहिली. १९९४ मध्ये सरकारला ही सवलत मागे घ्यावी लागली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला एका निकालात स्पष्ट करावे लागले की, मोफत उपचारांची अट सवलत घेताना एकदा मान्य करून संपत नाही. ते अखंड चालणारे बंधन आहे. ज्यांनी सवलत घेताना गरिबाचे नाव पुढे केले, त्यांना त्या गरिबाची ओळख पटविण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला बोलावे लागले!

कायद्याची रचनाही या विसरभोळेपणाला अनुकूल होती. १९६१ च्या आयकर कायद्याने ‘धर्मादाय हेतू’ची जी व्याख्या केली, तीत गरिबांना साहाय्य, शिक्षण आणि वैद्यकीय साहाय्य ही तीन कामे वेगवेगळी मोजली. वैद्यकीय साहाय्य हे स्वतःच धर्मादाय ठरले. ते गरिबाला मिळते की श्रीमंताला, मोफत मिळते की चढ्या दराने, हा प्रश्न व्याख्येच्या बाहेरच राहिला. शिवाय संस्थेने आपल्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग धर्मादाय हेतूसाठी खर्च करावा, असे जे बंधन त्या कायद्याने घातले, त्यात नव्या इमारतीवरील आणि नव्या यंत्रावरील खर्चही धरला जात असे. म्हणजे रुग्णांकडून मिळविलेल्या शिलकेतून आणखी एक वातानुकूलित मजला चढवावा, त्या मजल्यावर आणखी महाग खोल्या बांधाव्यात, आणि हे सारे धर्मादाय कार्य म्हणून करमुक्त राहावे. नफा वाटून घ्यावयाचा नाही एवढेच बंधन. नफा मिळवून साम्राज्य वाढविण्यास आडकाठी नाही. भांडवलाच्या संचयाला धर्माची झूल घालण्याचा याहून सोपा मार्ग शोधूनही सापडणार नाही.

कायदा आहे, अंमल नाही

महाराष्ट्रात या बेबंदपणाला आळा घालण्याचा प्रयत्न झाला, हे मान्य केले पाहिजे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात १९८५ मध्ये ४१-कक हे कलम घालण्यात आले. सरकारी साहाय्य वा सवलत घेणाऱ्या आणि रुग्णालय चालविणाऱ्या विश्वस्त संस्थांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्यात, असे हे कलम सांगते. पुढे वीस वर्षे ते बव्हंशी कागदावर राहिले. जनहित याचिका झाली आणि ऑगस्ट २००६ मध्ये उच्च न्यायालयाने सविस्तर योजना मंजूर केली. प्रत्येक रुग्णालयाने ‘निर्धन रुग्ण निधी’ स्थापावा, इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम त्यात जमा करावी, आणि त्यातून निर्धनांच्या व दुर्बलांच्या औषधांचा व साहित्याचा खर्च भागवावा, अशी ही व्यवस्था आहे. राज्यातील चारशेहून अधिक रुग्णालये या योजनेखाली येतात.

या योजनेतील एक बाब वाचकांच्या नजरेतून निसटू नये. गरिबाच्या उपचाराचा पैसा विश्वस्तांच्या खिशातून येत नाही, देणगीदाराच्या थैलीतूनही येत नाही. तो शेजारच्या खाटेवर पडलेल्या, घर गहाण टाकून बिल भरणाऱ्या दुसऱ्या रुग्णाच्या बिलातून बाजूला काढला जातो. तेव्हा ज्याला आपण धर्मादाय म्हणतो, ते प्रत्यक्षात एका आजाऱ्याने दुसऱ्या आजाऱ्यासाठी केलेले अप्रत्यक्ष साहाय्य आहे. विश्वस्तांकडे केवळ त्या पैशाची राखण सोपविलेली आहे. आणि राखणदाराने मालकालाच दारातून परत पाठवावे, हा अनुभव राज्यभरच्या कष्टकऱ्यांना येत राहिला आहे.

परत पाठविण्याच्या तऱ्हा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. बीडचा ऊसतोड मजूर किंवा इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार आजारी बायकोला घेऊन शहरात येतो. त्याच्याकडे शिधापत्रिका असते, तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागितला जातो. दाखला आणला, तर राखीव खाट रिकामी नाही असे सांगण्यात येते. खाट मिळाली, तर ही शस्त्रक्रिया योजनेत बसत नाही असे समजते. योजनेची माहिती देणारा फलक असतो, पण तो कोठे लावला आहे हे शोधावे लागते. प्रत्येक पायरीवर नाही म्हणणारा कारकून वेगळा, आणि नाही म्हणविणारा हिशेब एकच: त्या खाटेवर पैसे भरणारा रुग्ण आला तर किती मिळतील? या प्रवासात किती जण मध्येच परत फिरले आणि त्यांचे पुढे काय झाले, याची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात सापडत नाही.

राजधानीतही हीच कहाणी आहे. दिल्लीत अनेक विश्वस्त संस्थांना केंद्र सरकारच्या व दिल्ली विकास प्राधिकरणाच्या जमिनी सवलतीच्या दराने रुग्णालयांसाठी मिळाल्या. दिल्ली सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती कुरेशी समितीने २००१ मध्ये या रुग्णालयांच्या वर्तनाचा आढावा घेतला. मार्च २००७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश दिला की, अशा रुग्णालयांनी १० टक्के आंतररुग्णांवर आणि २५ टक्के बाह्यरुग्णांवर पूर्णपणे मोफत उपचार करावेत. २०१६ मध्ये दिल्ली सरकारने पाच मोठ्या रुग्णालयांना, गरिबांवर उपचार न करता मिळविलेला गैरवाजवी नफा म्हणून, सुमारे ६०० कोटी रुपये भरण्यास सांगितले. तरीही वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला. जुलै २०१८ मध्ये त्या न्यायालयाने निर्वाळा दिला की, सरकारी जमीन घेणाऱ्याने गरिबांवर मोफत उपचार करण्याची अट पाळलीच पाहिजे. १९८८ ची अधिसूचना, २००६ ची योजना, २००७ चा आदेश, २०१८ चा निकाल: तीस वर्षांत न्यायालयांनी तेच ते वाक्य वेगवेगळ्या शब्दांत उच्चारले. ज्याला खरोखर दान करावयाचे आहे, त्याला ते करावयास लावण्यासाठी इतकी न्यायालये लागत नाहीत.

दानाचा दुसरा मार्ग

याचा अर्थ खासगी संपत्तीतून आलेले प्रत्येक दान अनीतीचे, असा आम्ही काढीत नाही. तसे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. मुंबईच्या परळ भागात १९२६ मध्ये राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय आणि शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परक्या सत्तेच्या काळात, वैद्यकीय शिक्षणातील वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखलेल्या असताना, देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी अट घातली की, या महाविद्यालयात शिकविणारे सर्व भारतीय असावेत. ही अट दात्याच्या घराण्याचा मोठेपणा वाढविणारी नव्हती. राष्ट्राचा स्वाभिमान जागविणारी होती. आणि संस्था गेली ती महापालिकेच्या हाती. आज तेथे गिरणगावातील विधवेपासून कोकणातल्या शेतकऱ्यापर्यंत कोणीही जातो, आणि तेथील अव्यवस्थेबद्दल नगरसेवकाला भर सभागृहात प्रश्न विचारता येतो. प्रश्न विचारण्याचा हा हक्क रुग्णालयाच्या औषधालयाइतकाच मोलाचा आहे.

दुसरे उदाहरण त्याच परळमधील टाटा स्मारक रुग्णालयाचे. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने १९४१ मध्ये ते स्थापन केले. १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते ताब्यात घेतले आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. देशाच्या कानाकोपऱ्यातून, बिहार-बंगालपासून आसामपर्यंत, कर्करोगाने ग्रासलेली माणसे आज तेथे येतात आणि त्यांतील फार मोठ्या भागावर मोफत किंवा नाममात्र दराने उपचार होतात. एका उद्योगसमूहाच्या संपत्तीतून जन्मलेली संस्था राष्ट्राची झाली, म्हणूनच ती इतकी वाढली. या दोन्ही ठिकाणी दात्याने दिले आणि तो बाजूला झाला. त्याचे नाव राहिले, हुकूमत राहिली नाही. नीतिमान दानाची आमची व्याख्या हीच आहे.

तिसरी वाट तर कोणा धनिकाचे दारही न ठोठावता निघाली. छत्तीसगडमधील दल्ली-राजहरा येथील लोहखाणींच्या मजुरांनी, शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली, १९७७ च्या पोलीस गोळीबारात मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांच्या स्मृतीसाठी ‘शहीद रुग्णालय’ उभारले. ३ जून १९८३ रोजी ते सुरू झाले. विटा मजुरांनी वाहिल्या, वर्गणी मजुरांनी दिली, आणि कारभारही त्यांच्याच संघटनेने पाहिला. श्रमिकाला उपकाराची आस लागते, ती त्याच्या हाती साधने नसतात म्हणून. संघटना असेल तर तो उपकाराशिवाय रुग्णालय बांधू शकतो, हे त्या आदिवासी खाणमजुरांनी दाखवून दिले.

सरहद्दीपलीकडचे दाते

आपल्या शहरांतील विश्वस्तांची सत्ता एका रुग्णालयापुरती असते. जागतिक प्रतिष्ठानांची सत्ता राष्ट्रांच्या धोरणावर चालते. म्हणून तीच कसोटी तेथे अधिक कठोरपणे लावली पाहिजे.

सप्टेंबर १९७८ मध्ये तत्कालीन सोव्हिएत कझाकस्तानातील अल्मा-आटा येथे जगभरच्या राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी जाहीर केले की, आरोग्य हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, आणि प्राथमिक आरोग्यसेवा, अन्न, शुद्ध पाणी व लोकांचा सहभाग यांवर तो उभा राहील. नव्याने स्वतंत्र झालेल्या गरीब राष्ट्रांची ती आकांक्षा होती. एक वर्षही उलटले नाही तोच, १९७९ मध्ये इटलीतील बेलाजियो येथे रॉकफेलर प्रतिष्ठानने एक परिषद भरविली. तेथून पुढे ‘निवडक’ प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार सुरू झाला. संपूर्ण सेवा परवडणारी नाही. तेव्हा मोजता येतील असे, कमी खर्चाचे काही मोजके उपाय निवडावेत, असे हे तत्त्व होते. लसीने आणि जलसंजीवनीने असंख्य मुले वाचली, हे निर्विवाद आहे. परंतु जमीन, मजुरी, पाणी आणि पोषण यांचे प्रश्न आरोग्याच्या चर्चेतून हळूहळू बाहेर ढकलले गेले, हेही तितकेच खरे. राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी एकमताने घेतलेला निर्णय अशा रीतीने बदलला गेला, आणि तो बदलणाऱ्यांना कोणत्याही देशाच्या जनतेने निवडून दिले नव्हते.

पुढे हीच प्रवृत्ती बळावली. २०२२ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या खर्चात सदस्य राष्ट्रांच्या बंधनकारक वर्गणीचा वाटा एक-पंचमांशाहूनही कमी उरला होता. बाकीचा पैसा ऐच्छिक, आणि त्यातला बराचसा देणाऱ्याने ठरविलेल्या कामासाठी राखलेला. या ऐच्छिक देणगीदारांत गेट्स प्रतिष्ठान अनेक वर्षे अगदी वरच्या स्थानी राहिले आहे. जो पैसा देतो तोच कोणत्या रोगाकडे पाहावयाचे आणि कोणत्या रोगाकडे पाठ फिरवावयाची हे ठरवू लागला, तर मतपेटीला काय अर्थ उरतो? २०२२ मध्ये राष्ट्रांनी आपली वर्गणी टप्प्याटप्प्याने वाढविण्याचे ठरविले, ही या परिस्थितीची उशिरा दिलेली कबुलीच होय.

आपल्या देशात या सत्तेचे स्वरूप खम्मममध्ये दिसले. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदरा येथे ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारे यांच्या सहकार्याने, १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस टोचण्याचा प्रकल्प हाती घेतला. पैसा गेट्स प्रतिष्ठानचा. लसी मर्क आणि ग्लॅक्सो या बलाढ्य औषध कंपन्यांच्या. मुली बहुसंख्येने गरीब घरच्या होत्या, आणि खम्मममध्ये त्यांतील कितीतरी आदिवासी मुली वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या, महिला संघटनांनी आवाज उठविला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला.

येथे विवेक सुटता कामा नये. हे मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत सिद्ध झाले नाही, आणि ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला रोखते हे विज्ञानाने दाखवून दिले आहे. लसीविरुद्ध अंधश्रद्धा पसरविणाऱ्यांशी आमचे काही नाते नाही. कष्टकरी स्त्रीच्या मुलीलाही ही लस मिळाली पाहिजे, आणि ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळाली पाहिजे. प्रश्न आहे तो संमतीचा. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मधील आपल्या ७२ व्या अहवालात नोंदविले की, आंध्रमधील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या आणि १,९४८ पत्रांवर नुसते अंगठे. आईबापांच्या जागी वॉर्डनने सही केली. ज्या भाषेतील कागद वाचता येत नाही, त्यावर अंगठा उमटला. समितीने याला मुलींच्या मानवी हक्कांचे उल्लंघन ठरविले, आणि सार्वजनिक लसीकरण कार्यक्रमात आपली लस शिरावी या कंपन्यांच्या व्यापारी हेतूकडेही बोट दाखविले. ‘पाथ’ने हे निष्कर्ष अमान्य केले. परंतु त्या सह्यांचा आकडा कोणाला पुसून टाकता आलेला नाही. श्रीमंतांच्या शाळेत एखाद्या शिक्षिकेने पालकांच्या वतीने अशी एक तरी सही केली असती काय? दान घेणारा दुबळा असला की त्याची संमती गृहीत धरली जाते. दानाच्या नात्यातील सर्वांत घातक दोष हाच आहे.

आणि जाब कोण विचारणार? परिषद सरकारी, म्हणून तिला संसदेच्या समितीपुढे उभे राहावे लागले. परदेशातील प्रतिष्ठानला आपल्या संसदेपुढे, खम्ममच्या ग्रामसभेपुढे किंवा त्या मुलींच्या आयांपुढे उत्तरे देण्याचे कोणतेही बंधन नव्हते. २०१७ मध्ये लसीकरणविषयक राष्ट्रीय सल्लागार गटाच्या सचिवालयाचे काम केंद्र सरकारने आपल्याकडे घेण्याचे ठरविले. तोवर त्याचा खर्च गेट्स प्रतिष्ठानच्या पैशातून होत होता. कोणती लस घ्यावयाची याचा सल्ला देणाऱ्या यंत्रणेचा खर्च लसींच्या जगड्व्याळ व्यवहारात गुंतलेल्या प्रतिष्ठानने उचलावा, आणि एका सार्वभौम राष्ट्राने तो वर्षानुवर्षे उचलू द्यावा, ही लाजिरवाणी गोष्ट होय.

रिकामी जागा कोणी ठेवली?

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळता येणार नाही. सरकारी रुग्णालयात एका खाटेवर दोन रुग्ण आणि जमिनीवर आणखी दोन अशी अवस्था आहे. डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत, औषधे बाहेरून आणावी लागतात. अशा वेळी विश्वस्त संस्था आणि प्रतिष्ठाने पुढे येतात, तर त्यांना दोष कशाला? आडरानातील मिशनरी दवाखान्यांपासून काही निःस्वार्थ विश्वस्त संस्थांपर्यंत अनेकांनी जेथे सरकार पोहोचले नाही तेथे आयुष्ये वेचली आहेत. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे.

परंतु ही रिकामी जागा आकाशातून पडलेली नाही. पैशाअभावी कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्येच मांडले होते. त्यानंतर पाऊण शतक लोटले. सरकारचा सर्व पातळ्यांवरील आरोग्यखर्च २०२१-२२ मध्ये राष्ट्रीय उत्पादनाच्या अवघा १.८४ टक्के होता, आणि देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी उपचारांच्या वेळी स्वतःच्या खिशातून मोजली. हे आकडे सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यातील आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे वचन दिले होते. ज्या सरकारने तिजोरी आवळली, त्यानेच करमाफी देऊन दात्यांना मोठे केले. ज्यांच्यावरील कर कमी केला, त्यांच्याकडेच मग गरिबांसाठी हात पसरले. सार्वजनिक रुग्णालय उपाशी ठेवावयाचे आणि त्याच्या उपासमारीचा पुरावा दाखवून खासगी दानाची थोरवी गावयाची, हे चक्र आपोआप फिरत नाही. ते फिरविण्यात ज्यांचा लाभ आहे असा एक वर्ग आहे.

आणि सरकारची इच्छा असेल तर काय होऊ शकते, हेही जनतेने पाहिले आहे. मे २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत महाराष्ट्र सरकारने खासगी व धर्मादाय रुग्णालयांतील ८० टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली आणल्या आणि दर बांधून दिले. अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या, हे खरे. पण त्या आदेशाने आभाळ कोसळले नाही. संकटात जे शक्य झाले, ते रोजच्या आजारपणात अशक्य कसे? गरिबाच्या घरात तर रोजच साथ असते.

मागणी दयेची नव्हे

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाटांची आणि निर्धन रुग्ण निधीतील शिलकेची रोजची स्थिती दर्शनी भागात, लोकांच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत लावली पाहिजे, आणि ज्याला नकार दिला त्याला नकाराचे कारण लेखी मिळाले पाहिजे. सवलतीची जमीन आणि करमाफी घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाच्या देखरेख समितीवर कामगार संघटनांचे, महिला संघटनांचे आणि लोकनियुक्त सभासदांचे प्रतिनिधी बसले पाहिजेत. केवळ धर्मादाय आयुक्तांच्या निरीक्षकावर विसंबून भागणार नाही. जी रुग्णालये पुनःपुन्हा अट मोडतात, त्यांची जमीन परत घेऊन ती महापालिकेकडे वा राज्य सरकारकडे सोपविली पाहिजेत. देशी-परदेशी प्रतिष्ठानांचा आरोग्यावरील पैसा सार्वजनिक अर्थसंकल्पातून, विधिमंडळांच्या व संसदेच्या नजरेखालून खर्च झाला पाहिजे. सरकारच्या सल्लागारांचा पगार कोणत्याही प्रतिष्ठानने देता कामा नये. आणि गरिबांच्या मुलांवर होणाऱ्या प्रत्येक प्रयोगात पालकांची समजून दिलेली संमती व नुकसानभरपाईची हमी असली पाहिजे. या साऱ्याचा पाया म्हणून सरकारी आरोग्यसेवेवरील खर्च दिलेल्या वचनाइतका तरी तातडीने वाढविला पाहिजे.

या मागण्या केवळ निवेदने देऊन पदरात पडणार नाहीत. पुण्यात अनामतीचा नियम एकोणीस वर्षांनी ज्या काही दिवसांत आठवला, ते दिवस लोक रस्त्यावर होते ते दिवस. कामगार संघटनांनी आपल्या शहरातील धर्मादाय रुग्णालयांची यादी काढावी, राखीव खाटांची चौकशी करण्यासाठी आपले कार्यकर्ते नेमावेत, आणि दारातून परतविलेल्या रुग्णाबरोबर पुन्हा त्या दारात जावे. तेथे हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही. ती जमीन आपली आहे, तो माफ झालेला कर आपला आहे, तो निधी आपल्यासारख्याच आजाऱ्यांच्या बिलातून जमलेला आहे. आपले आहे ते मागण्यास दानाची भाषा लागत नाही. त्यासाठी हिशेबाची भाषा पुरेशी आहे, आणि ती कष्टकरी जनतेने आता मोठ्याने बोलली पाहिजे.